सीआरपी, सीपीआर आणि जेवणानंतर बीडी

लीड्स, इंग्लंड

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला बेळगावच्या डॉक्टरांचा कागद मिळाला. खाली तू लिहिलंयस, "हे काय खरडलंय बघ गं, तुला सवय आहे." सवय आहे खरी. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू "हं, हं" म्हणतेस आणि ठेवला की दाजींना विचारतेस. म्हणून मोठ्या अक्षरांत टाइप करून पाठवतेय. गोळ्या ठेवतेस त्या कपाटाच्या दाराला आतून चिकटव. डॉक्टरांना नावं ठेवायला मात्र आपल्याला तोंड नाही. थोरल्या बहिणीला घातलेला साष्टांग नमस्कारसुद्धा आपण चार अक्षरांत उरकतो.

आधी ते सीआरपीचं प्रकरण. तू फोनवर म्हणालीस, "माझा सीआरपी वाढलाय." काकूंनी ऐकलं, "सीपीआरला नेलंय." निपाणीत सीपीआर म्हणजे एकच, कोल्हापूरचं टाऊन हॉलजवळचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. तिथं नेलं म्हणजे काम गंभीर! भाचा बिचारा डबा घेऊन वॉर्डावॉर्डांत हिंडत होता आणि तू घरी टीव्हीपुढं शेंगा फोडत बसलेलीस. त्याला सांग, इथं सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबतात ते. डबा घेऊन तिथं गेला असता तर आणखी पंचाईत.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. अंगात कुठंही दाह असला की ते रक्तात वाढतं. त्याच्या शेजारी ईएसआर लिहिलंय. रक्त उभ्या नळीत ठेवतात आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. या दोन्ही तपासण्या आग लागलीय एवढंच सांगतात, कुठं आणि कशानं ते सांगत नाहीत. साध्या खोकल्यानंही आकडे चढतात. तेव्हा लॅबमधून आकडा आला की लगेच गल्लीत जाहीर करू नकोस.

आणि ते पेढे. आरएफ निगेटिव्ह आला म्हणून तुम्ही पेढे वाटलेत म्हणे. आक्का, आरएफ म्हणजे रुमेटॉइड फॅक्टर; तो निगेटिव्ह येऊनही माझ्यासारखा रुमेटॉइड संधिवात असू शकतो, आणि धडधाकट माणसाचाही आरएफ कधीकधी पॉझिटिव्ह येतो. म्हणून तर डॉक्टरांनी अँटी-सीसीपी ही रक्ततपासणीही करायला सांगितलीय. पेढे खाल्लेत ते खाल्लेत.

आता दाजी. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, त्यामुळं त्यांनी कागद आपल्या परीनं लावला. टीडीएस म्हणजे कापलेला कर, सीएसटी म्हणजे सेंट्रल सेल्स टॅक्स, "ती तर जीएसटी आल्यावर गेली की!" आणि जेवणानंतर बीडी. हे वाचून ते म्हणे फार खूश झाले, इतक्या वर्षांत पहिला समजूतदार डॉक्टर भेटला. त्यांना सांग, टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, बीडी म्हणजे दोनदा, ओडी म्हणजे एकदा आणि सीएसटी म्हणजे चालू औषध तसंच चालू ठेवा. एसओएस म्हणजे दुखलं तरच घ्यायची गोळी, त्यासाठी ॲम्ब्युलन्स बोलवायची नसते. आणि खऱ्या बिडीनं हा संधिवात होण्याचा धोका वाढतो हे सिद्ध झालेलं आहे. निपाणीला असं लिहून पाठवणं पाप आहे, पण लिहिते.

इथं इंग्लंडात सगळं सरळ असेल असं तुला वाटत असेल. माझ्या फाइलीत एकदा "डीएनए" असं आलं. आमचे हे दोन दिवस गप्प होते. आपल्या घराण्यात काय निघालं म्हणून रात्री मला विचारतात! बर्फानं बस आली नाही, माझी तारीख चुकली, त्याची ती नोंद: डिड नॉट अटेंड. त्याआधी स्पेशालिस्टांनी आमच्या डॉक्टरांना लिहिलेल्या पत्राची प्रत घरी आली. सुरुवात होती, "या प्लेझंट लेडीला पाठवल्याबद्दल आभार." इथं तशी लिहायची रीतच आहे. ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं आलेलं दिसतंय."

पण एक गोष्ट इथल्यांनी चांगली केली. २०१८ साली इथल्या डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजांच्या अकादमीनं सांगितलं, की पत्र पेशंटलाच उद्देशून लिहा, त्याला कळेल अशा भाषेत. सगळे पाळतात असं नाही, पण तेव्हापासून मला बेधडक विचारता येतं, "हे काय लिहिलंत?"

परवा नर्सनं माझा डास-२८ काढला. नावावर जाऊ नकोस, २८ म्हणजे सांध्यांची संख्या. ती समोर बसते, माझा हात आपल्या हातात घेते आणि अंगठ्यानं एकेक सांधा दाबत जाते. तिच्या नखाचा रंग बदलेल इतकाच दाब, त्याहून जास्त नाही. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, मुठीचे दहा, बोटांच्या मधले दहा, दोन गुडघे. कुठला दुखतो आणि कुठला सुजलाय हे वेगवेगळं टिपते. मग ईएसआर किंवा सीआरपी आणि मला स्वतःला किती बरं वाटतंय ते मिळवून आकडा काढतात. ५.१ च्या वर गेला तर आजार जोरात, २.६ च्या खाली आला तर शांत. मी म्हटलं, "बाई, माझी पावलं सगळ्यांत जास्त ठणकतात, ती कुठं धरलीस?" म्हणाली, "पावलं या यादीत नसतात." १९५६ साली राज्यांच्या याद्या झाल्या तेव्हा आपल्या सीमाभागाचं जे झालं, तेच माझ्या पावलांचं झालं: शरीराला जोडलेली, पण हिशेबाबाहेर. तुझीही पावलं दुखत असतील तर आपण होऊन सांग, कुणी विचारायची वाट बघू नकोस.

आता मुख्य गोष्ट. हे नीट वाच. दाजींनाही वाचायला लाव.

मेडिकलवाला पाकिटावर १-०-१ लिहितो ते आपल्याकडं सगळ्यांना कळतं. कानडी असो, मराठी असो, सीमाभागात एकमत झालेली ती एकमेव गोष्ट. सकाळ, दुपार, रात्र. पण तुझ्या कागदावर जे एमटीएक्स आहे, म्हणजे मेथोट्रेक्सेट, ते या तीन आकड्यांत बसतच नाही. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि १-०-० मध्ये आठवड्याला जागाच नाही. पाकिटावर नुसतं १-०-० आलं की घरातलं कुणीही ते रोज सकाळी देणार. रोज घेतलं गेलं तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंड येतं, जंतुसंसर्ग होतो. माणसं दगावली आहेत यात. म्हणून २०२० साली इथल्या औषध नियामकांनी बजावलं, की पेशंटशी बोलून वार ठरवा आणि चिठ्ठीवर तो पूर्ण अक्षरांत लिहा.

मी मंगळवार धरलाय. म मंगळवारचा, म मेथोट्रेक्सेटचा. फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी, मी शुक्रवारी घेते. तुझे वार तुझ्या डॉक्टरांनाच विचार. पण मंगळवारची राहिली म्हणून बुधवारी दोन, असला हिशेब स्वतःच्या मनानं अजिबात करायचा नाही. मधूनमधून सीबीसी आणि एलएफटी करायला सांगतात, म्हणजे रक्तपेशी आणि यकृत, ते याच गोळीसाठी. बरं वाटतंय म्हणून त्या तपासण्या टाळू नकोस.

कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत तुला बेळगावच्या बसचं तिकीट शून्य आहे, तेव्हा उगाच खेप नको ही सबब चालणार नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढं कागद ठेव आणि म्हण, "साहेब, औषधाचं पूर्ण नाव लिहा आणि वार लिहा." भिडेनं गप्प बसू नकोस. औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असा नियम आपल्या मेडिकल कौन्सिलनंच २०१६ साली काढलाय. मग पाकिटावर दाजींच्या हातानं मराठीत वार लिहून घे. वखारीतल्या पोत्यांवर नंबर घालून त्यांचं अक्षर सुरेख झालंय.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. तुझ्या कागदावर शेवटी एचसीक्यू आहे, ते हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ते वर्षानुवर्षं घेतलं तर क्वचित डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो, म्हणून इथं पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासतात. तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांग, आणि त्यांच्या कागदावर ओडी दिसलं तर दिवसातून एकदा समजू नकोस. तिथं ओडी म्हणजे उजवा डोळा.