बुलढाणा ते मुंबई, अवघा अर्धा तास!

प्रति,
हवाई अंतर सांगणारे यंत्रमहोदय,
मुक्काम पोस्ट ढगात.

स. न. वि. वि.

आपण आमच्या गावाला परस्पर विमानतळ बहाल केलात, त्याबद्दल आधी आभार. बुलढाणा ते मुंबई विचारलं की आपण क्षणात सांगता : सरळ रेषेत सुमारे 380 किलोमीटर, उड्डाणाला अर्धा तास. भागाकार चोख आहे. ताशी 800 नं भागलं की तेवढंच येतं. फक्त विमानात बसायचं कुठं, ते सांगायचं राहिलं.

अहो, विमानाचं सोडा, बुलढाणा शहराला अजून रेल्वे नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी. इंग्रजांच्या काळापासून या मार्गावर काही धावलं असेल, तर ती सर्वेक्षणं.

आता आपला अर्धा तास जमिनीवर कसा उतरतो ते ऐका. विमानाचीच हौस असेल तर धाड, भोकरदन करत दीडशेएक किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर गाठायचं. ती हौस परवडत नसेल तर एसटीनं राजूर घाट उतरून मलकापूर. घाटाच्या वळणावर उभ्या प्रवाशाची पिशवी बसलेल्याच्या मांडीवर येते, कंडक्टर तिकीट फाडता फाडता ‘मागं सरका, मागं जागा आहे’ म्हणत असतो, आणि मागं जागा कधीच नसते. मग फलाटावर विदर्भ एक्सप्रेसची वाट बघायची. गाडी लेट असेल तर चहा, आणखी लेट असेल तर आणखी चहा. मुंबई दिसते ती सकाळी.

समृद्धी महामार्ग आहे की, म्हणाल. आहे ना! 701 किलोमीटरचा, जून 2025 मध्ये पुरा झाला. पण तो मेहकर, सिंदखेडराजाकडून, म्हणजे जिल्ह्याच्या दक्षिण अंगानं जातो. ज्याच्या दारात गाडी, त्याची समृद्धी.

आपल्या सरळ रेषेची खरी फजिती केली ती एका वाघानं. यवतमाळच्या टिपेश्वरातून निघून तो 2019 मध्ये आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. आपल्या पट्टीनं हे अंतर सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे उड्डाणाला सतरा मिनिटं. गळ्यातल्या कॉलरनं मोजलं ते तेराशे किलोमीटरच्या वर, आणि लागले काही महिने. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, पार तेलंगणात डोकावून आला बिचारा. त्याला आपलं उत्तर आधी कळलं असतं तर पंख लावून आला असता.

तसं, पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरं वगळली तर, हवाई मार्गानं जिल्ह्यात एक मोठं आगमन झालं आहे. लोणारला. फार फार पूर्वी उल्का आली, तिलाही धावपट्टी मिळाली नाही, आणि पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंदीचं विवर पडलं. पुढे त्यात सरोवर झालं, 2020 मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. आपल्या भरवशावर निघालेल्या प्रवाशाचा एवढा मान कोणी राखेल असं वाटत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. उड्डाणाची मिनिटं खुशाल छापा, पण त्याखाली ‘बुलढाण्यात विमानतळ नाही, मलकापूरला उतरावे’ ही ओळ घाला. पाहुणे ‘अर्ध्या तासात पोचतो’ असा फोन करतात आणि इथं बायामाणसं भाकरी टाकायला घेतात.

आपला,
स्टँडवर उभा एक बुलढाणेकर