शेवेच्या डब्यातलं घबाड

अहो, ऐकलंत का? या जरा इकडे, भिंतीशी. मागल्या गल्लीतल्या काकूंकडे म्हणे घबाड सापडलं! माळा आवरताना शेवेचा जुना डबा निघाला, आणि आत काय? 1987 च्या वर्ल्डकपच्या वेळी बबलगमबरोबर मिळायची ना, ती क्रिकेटरांची चित्रं. नातवाने मोबाइल बघितला नि ओरडला, "आजी, अमेरिकेत असलं एक कार्ड शंभर कोटीला गेलं!" तेच हो, त्या बेसबॉलवाल्या मिकी मँटलचं, 1952 चं. 2022 साली 1 कोटी 26 लाख डॉलर! काकूंनी लगेच सुनेला, "कुकर राहू दे गं, पोहे-जिलबी मागव."

जिलबी मात्र गारच होती म्हणे... तर काय सांगत होते? हां, आपल्या इंदूरच्या राजवाड्याकडून ते नाणी-तिकिटंवाले जाणकार आले. भिंग लावलं. पहिलंच कार्ड उलटं केलं नि तोंडाने "च्च!" कोपरे झिजून गोल, आणि मागे कणकेची खळ! लेकाने लहानपणी वहीत चिकटवलेली, मग ओरबाडून काढलेली. म्हणाले, "त्या मँटलला दहापैकी साडेनऊ मार्क आहेत, काकू. कोपरे असे टोकदार. तुमचं हे..." पुढे बोललेच नाहीत. काकूंचा चेहरा असा पडला, मला बाई बघवेना. बघितला म्हणा.

सून धीट. तिने विचारलं, "एवढं काय त्यात?" तर म्हणे मँटलच्या वेळची ती कार्डं खपेनात, म्हणून 1960 मध्ये कंपनीच्याच माणसाने खोकीच्या खोकी समुद्रात बुडवली. उरलेली तिथल्या आयांनी कचऱ्यात घातली. दुसरा बेसबॉलवाला वॅग्नर, त्याचं कार्ड तर सिगारेटच्या पाकिटातलं, 1909 चं. जेमतेम साठेक उरलीत, त्यातलं एक साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. म्हणजे भाव कुणी वाढवला? फेकणाऱ्यांनीच की!

आता तुमच्या-माझ्यात हां. आमचे मामंजी 1946 ची रणजी फायनल बघायला यशवंत क्लबच्या मैदानावर गेले होते. सी. के. नायडूंनी पन्नाशीत 200 काढले ना, तीच. तेव्हाची कात्रणं, तिकिटं, सगळं एका ट्रंकेत होतं. हुकूमचंद मिल बंद पडली त्या दिवाळीनंतर मी ती ट्रंक... अहो, रद्दीवाला दारात उभा होता, घरात जागा नव्हती. काल जेवताना हे म्हणतात, "बाबांची ट्रंक कुठाय गं?"

थांबा, शिट्टी झाली वाटतं. आले हो, आले!