तुमची नात पाखरं राखते

होफडॉर्प, नेदरलंड्स

तीर्थरूप आबांस,


नात पायलट होणार असं तुम्ही पारावर सांगितल्याचं दादाकडून कळलं. पेढे वाटून झाले असतील तर असू द्या, पण ती विमान उडवणार नाही. ती विमानतळ चालवायला शिकते आहे. हे आत्याला समजावलं, तर म्हणाली, "म्हणजे एसटी स्टँडवरचा कंट्रोलर का?" जवळपास तेच. फक्त इथे फलाटाला लागलेली गाडी मागे घ्यायलासुद्धा ट्रॅक्टर लावावा लागतो.

मला वाटलं होतं, कोट घालून काचेच्या खोलीत बसायचं आणि वॉकीटॉकीवर हुकूम सोडायचे. पोरगी पहिल्या वर्षी शिकून आली ते रांगा कशा तुंबतात आणि सामानाचा पट्टा कुठे अडतो. मग मुताऱ्या. इथल्या स्किपोल विमानतळावर पुरुषांच्या भांड्यात माशीचं चित्र काढलेलं असतं, नेम धरला जावा म्हणून. ते म्हणे व्यवस्थापनातलं नावाजलेलं उदाहरण आहे. हे स्वतः जाऊन खात्री करून आले.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते पुढचंच. आता ती तिथेच प्रशिक्षणाला जाते आणि तिला काम मिळालंय पाखरं राखायचं!

हसू नका. हा विमानतळ पूर्वीच्या सरोवराच्या तळाशी आहे. 1852 साली वाफेच्या पंपांनी अख्खं सरोवर उपसून जमीन मोकळी केली. धावपट्ट्या अजून समुद्रसपाटीच्या सुमारे 3 मीटर खाली आहेत. माती भारी, कसदार, त्यामुळे धावपट्टीला लागून बीट, बटाटे, गहू. आणि पीक म्हटलं की पाखरं. इथले कलहंस तीन-तीन किलोचे असतात. 2010 मध्ये उडालेलं एक विमान कॅनडा हंसांच्या थव्यात शिरलं, इंजिनाला मार बसला आणि कसंबसं माघारी उतरलं.

म्हणून रात्रंदिवस राखणदार फिरतात. पगारी, आबा! हिरवा लेसर, बार काढायचं पिस्तूल आणि घाबरलेल्या पाखरांच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग. गोफण तेवढी नाही. शाळा बुडवून मी तुमच्या मचाणावर ओरडत बसायची, तेव्हा कुणी एक गुण दिला नाही. हिला त्याचं प्रमाणपत्र मिळणार आहे.

नांगरट तर फारच मनावर घेतात. कापणीनंतर सांडलेले दाणे पाखरांनी टिपू नयेत म्हणून रान लगोलग नांगरावं, यासाठी शेतकऱ्याला पैसे देतात. 2021 मध्ये तर बीट काढलेल्या 2 हेक्टरांत 20 डुकरं सोडली होती. राहिलेलं सगळं त्यांनी फस्त केलं की हंसांना उपास. (हे आईला वाचून दाखवू नका, ती नातीला पंचगव्य पाठवेल.)

नांगरटीवरून आठवलं, आमच्या गावाजवळ एक बाग आहे, तिथे आम्ही रविवारी जातो. सगळ्यात लांबच्या धावपट्टीवरून विमान निघालं की जमिनीलगत एक घुमारा यायचा, लोक हैराण. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शेतं नांगरली की तो कमी होतो. त्यावर अभ्यास झाला, आणि 2013 मध्ये पुरुषभर उंचीचे सरी-वरंबे घालून ही बाग उभी केली. आवाज वरंब्यांवर आपटून विखुरतो. हे तिथे उभे राहून म्हणाले, "एवढी फी भरून शेतकीच शिकवायची होती, तर राहुरीला नसती का घातली?"

आता कामाचं. तिला अहवाल लिहायचा आहे आणि सगळ्यांची अडचण एकच, पाखरं सरावतात. चार दिवस बाराला भितात, पाचव्या दिवशी पिस्तुलाकडे बघत चरतात. जोंधळ्यावरची पाखरं गोफणीला सरावली की तुम्ही काय करायचात, ते तिला हवंय. दादाला लिहायला सांगू नका, तो निम्मं गाळतो. तुम्ही स्वतः बोलून रेकॉर्ड करा. शिव्या मात्र वगळा. तुमची निम्मी राखण शिव्यांवरच झाली हे मला ठाऊक आहे, पण त्यांचं डच भाषांतर पोरीला करावं लागेल, आणि मार्गदर्शक बाई फार सोज्वळ आहेत.

आईस नमस्कार, दादा-वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आत्याला सांगा, नोकरी लागली तरी तिकीट फुकट नाही.

तुमची,
धाकटी