तारीख पुढे कशी न्यावी : नवशिक्यांसाठी वर्धा अभ्यासक्रम

नव्यानेच प्रकल्पप्रमुख झालात? अभिनंदन! हातात पूर्णत्वाची तारीख दिली असेल, तर घाबरू नका. व्यवस्थापनाच्या महागड्या वर्गांना फी भरण्यापेक्षा वर्धा जंक्शनला उतरा. सगळं इथंच शिकता येतं.

१. आधी नारळ, मग जमीन. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग २००८-०९ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाला आणि २००९ मध्ये यवतमाळला त्याचं भूमिपूजन झालं. नारळ फुटला की काम ‘सुरू’ झालं. सुरू झालेल्या कामाला कुणी रखडलं म्हणत नाही, ‘गती द्या’ म्हणतात.

२. जबाबदारी वाटून घ्या. या मार्गाचा खर्च केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. पैसा अडला की केंद्राने राज्याकडे बघावं, राज्याने केंद्राकडे. मोबदल्याची वाट पाहणारा शेतकरी तुमच्याकडे बघू लागला, तर तुम्ही मोबाइलकडे बघा.

३. कारणं हंगामानुसार काढा. हा विषय नीट शिका, परीक्षेत हमखास येतो. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरात काळी जमीन ओली, पोकलेन रुततो. थंडीत वाळू मिळत नाही. मार्चमध्ये सगळे बिलं काढण्यात गुंतलेले, काम करायला माणूस नाही. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन. त्याबद्दल पुरावाही मागत नाहीत. या सगळ्यातून एखादा आठवडा मोकळा राहिलाच, तर आचारसंहिता आहे : लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगर परिषद, ग्रामपंचायत. बारमाही ओलीत म्हणतात ते हेच.

४. मुदतवाढ मागताना मान खाली घालावी लागते, ‘सुप्रमा’ मागताना नाही. सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणजे उशिराला मिळालेली बढती. आर्वी तालुक्यात धनोडीजवळच्या निम्न वर्धा धरणाला १९८१ साली मान्यता मिळाली तेव्हा अंदाज होता ४८ कोटींचा. पुढे तो दोन हजार कोटींच्या पलीकडे गेला. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेने देशातले जे ९९ रखडलेले प्रकल्प डिसेंबर २०१९ पर्यंत पुरे करायचे ठरवले, त्यांतही हा होता. खर्च इतका वाढला की प्रकल्प आपोआप ‘महत्त्वाकांक्षी’ ठरतो.

५. तुकडा पाडा, फीत कापा. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब रेल्वे सुरू झाली. देवळी, भिडी, कळंब : २८४ पैकी जेमतेम ३९ किलोमीटर. देवळीकरांना आनंद झाला, तो खराच होता. तुम्ही मात्र तेवढ्यात ‘पहिला टप्पा’ म्हणून घ्या. वर्षांनी किलोमीटरला भागणाऱ्या माणसाला बैठकीचं निमंत्रण देऊ नका.

६. धोक्याची सूचना : शहरापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथले म्हातारबुवा कमरेला घड्याळ लावत. १९१९ च्या सत्याग्रहात अंदाज चुकला, तर हिमालयाएवढी चूक झाली असं भरसभेत स्वतःच्या नावावर सांगून मोकळे झाले. ना समिती, ना चौकशी अहवाल! आश्रम जरूर बघा, फोटो काढा. पण तिथलं काही कचेरीत आणू नका.

७. आढावा बैठकीत उत्तर एकच : “होऊन राह्यलं ना, साहेब.” कधी होईल असं विचारलंच, तर पुढच्या बैठकीची तारीख सांगा.

८. मुदत संपायच्या आधी बदली मागा. नवे साहेब येतील, ‘फाइल अभ्यासतो’ म्हणतील. त्यांना कपाटाची किल्ली द्या. कोणती फाइल कुठे आहे, ते सांगू नका.