चला उद्योजकांनो, दावोसला!

महाराष्ट्रातल्या उद्योजकाला महाराष्ट्राच्या सरकारला भेटायचे असेल, तर त्याने कुठे जावे? जुन्या वळणाची मंडळी 'मंत्रालयात' असे उत्तर देतील. त्यांना शून्य गुण. बरोबर उत्तर : स्वित्झर्लंड.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सरकारने दावोसला सुमारे १५ लाख ७० हजार कोटींचे सामंजस्य करार केले. त्यातले ३ लाख ५ हजार कोटी रिलायन्सचे. या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटला, म्हणजे मंत्रालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर. ३ लाख कोटी जेएसडब्ल्यूचे. मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. पुण्याचा कल्याणी उद्योगसमूहही तिथेच भेटला, आणि करार कुठल्या गुंतवणुकीचा? तर गडचिरोलीतल्या. पुण्याहून गडचिरोलीला जाताना वाटेत आल्प्स लागतो, हे आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी कधी सांगितले नव्हते.

टीकाकार याला उधळपट्टी म्हणतात. त्यांनी मे महिन्यात मंत्रालयात जाऊन सही करून दाखवावी. हाताला घाम, कागद ओला, शाई फुटलेली. बर्फात सही कशी खणखणीत उमटते!

आमची तक्रार वेगळीच आहे. ही सोय थोरामोठ्यांपुरतीच का? इचलकरंजीचा यंत्रमागवाला, सातपूरचा जॉबवर्कवाला, शिरोलीचा फाउंड्रीवाला यांनाही विमानात बसवा. कारण इथल्या इथे त्यांना जो प्रवास घडतो, त्यापुढे दावोस जवळ पडेल. आधी जिल्हा उद्योग केंद्र. मग सीएकडून प्रोजेक्ट रिपोर्ट. मग बँक. तारण न घेता कर्ज देता यावे म्हणून केंद्राची पतहमी योजना २००० सालापासून आहे. शाखाधिकाऱ्यांना ती तोंडपाठ असते. ते म्हणतात, "योजना उत्तमच आहे हो. बरं, घराची कागदपत्रं आणलीत ना?"

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान मिळालेच, तर ते तीन वर्षे बँकेतच मुदत ठेवीत बसते. कर्जाची फेड मात्र आपली आपणच करायची. शिवाय उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचे. महिनाअखेरीस कामगारांचे पगार कुठून भागवायचे, हे तिथे शिकवणाऱ्यांचा स्वतःचा पगार एक तारखेला जमा होतो.

आणि समजा, या उद्योजकाला परदेशी जाणे नाहीच जमले, तर त्याने निदान आपला माल परदेशी चोरीला जाईल एवढे तरी बघावे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले २०१९ मध्ये. त्यानंतर सहा वर्षे ती निमूट पायातच होती. जून २०२५ मध्ये प्राडाने तिच्यासारखी चप्पल मिलानच्या मंचावर चालवली, कोल्हापूरचे नावही घेतले नाही, आणि आपल्याकडे तिच्याविषयीचा अभिमान एका रात्रीत जागा झाला. निवेदने निघाली, शिष्टमंडळे निघाली, कॅमेरे थेट कारागिराच्या दारात गेले. इटलीने हात लावेपर्यंत ती चप्पल आपलीच आहे, याची आपल्याला तातडी वाटली नव्हती.

आता एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून. लघुउद्योगाला जगवणारे एक धोरण या देशात आधीच आहे, आणि त्याला ना बर्फ लागतो, ना पुष्पगुच्छ. २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्या. उशीर केलात, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार आली, तर सुविधा परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा. कायदा असा कडक, की वाचतानाच ऊर भरून यावा. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, म्हणून छोटा कारखानदार गप्प बसतो. पैसे थकवणाऱ्यांच्या रांगेत सरकारी खाती आणि महामंडळेही उभी असतात, आणि न्याय देणारी परिषद नेमते राज्य सरकारच. तक्रार करायची कोणाची, आणि कोणाकडे?

तेव्हा पुढच्या जानेवारीत दावोसची बॅग भरण्याआधी सरकारने एवढे करावे : प्रत्येक खात्याकडे लघुउद्योजकांची किती बिले ४५ दिवसांपलीकडे थकली आहेत, ते खातेनिहाय जाहीर करावे, आणि ती आधी चुकती करावीत. त्यासाठी नवे धोरण, नवी योजना, नवे पोर्टल यांपैकी काहीही लागत नाही. चेकवर सही लागते. ती मुंबईच्या उकाड्यातही चालते.