घामाचा दाखला

सरांच्या मते खेळाची कसोटी एकच : घाम. ज्याचा बनियन पिळता येतो तो खेळाडू, बाकी सगळे टाईमपासवाले. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत हा कायदा फार जुना आहे. सर शाळेत पीटी शिकवायचे, तरुणपणी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे, आणि निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी काढायची राहूनच गेली. दूधवाल्याला उशीर झाला तरी ती वाजते.

कायद्यात सरांनी वेळोवेळी दुरुस्त्या मात्र केल्या. नेमबाजी मूळच्या मसुद्यात बाद होती. पण २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली आणि पंचाईत आली. प्रकार होता ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर पालथं पडून रायफल चालवायची. आता कोल्हापूरची पोर जगात पहिली आल्यावर तिला खेळाडू न म्हणायची छाती पेठेत कुणाची? सरांनी तोडगा काढला, ‘श्वास रोखून धरायचा म्हंजे आतनं घाम येतोय.’ या आतल्या घामात पुढं बऱ्याच जणांची सोय झाली. २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य घेतलं तेव्हा तर ‘गुडघ्यावर, पालथं, उभं, तिन्ही तऱ्हा!’ असं सर गल्लीभर सांगत होते. जणू घटनेत ही तरतूद पहिल्यापासूनच होती.

कॅरम कुठल्या कलमाखाली बसतो, हे कुणी विचारत नाही. कारण तालमीच्या माडीवर रोज संध्याकाळी सर स्वतःच कॅरम खेळतात. फारच कुणी छेडलं तर मारिया इरुदयम यांना मिळालेला अर्जुन पुरस्कार त्याच्या तोंडावर फेकतात आणि राणी घेतात.

असा हा सुखाचा कारभार चालू असताना घरातच बंड झालं. नातवाचं नाव इंजिनिअरिंगच्या पटावर, पण मुक्काम बीजीएमआय या मोबाइल गेमच्या रणांगणात. तिथं तो ‘नादखुळा’ या नावानं ओळखला जातो. चौघांचा संघ आहे, रात्री दोन-अडीचपर्यंत स्क्रिम्स म्हणजे सरावाचे सामने चालतात, आणि अधूनमधून बक्षिसाचे पैसेही येतात. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, ‘आबा, मीबी खेळाडूच की.’

‘तू झोपाळू हाईस,’ सर म्हणाले. ‘अकराला उठणारा खेळाडू मी अजून बघितला न्हाई.’

मग जी जुगलबंदी झाली ती भिंतीपलीकडं मला शब्दनशब्द ऐकू आली. (ऐकू येईल अशी तजवीज सर नेहमीच करतात.) नातवानं हांगझोऊ काढलं. २०२३ मध्ये तिथं झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला सात पदकप्रकार होते, खरीखुरी सोन्याची पदकं. स्ट्रीट फायटरचं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वू या ४४ वर्षांच्या माणसानं जिंकलं. कोरियाच्या लीग ऑफ लीजेंड्सच्या पोरांना तर सुवर्णाबद्दल सक्तीच्या लष्करसेवेत सूट मिळाली.

‘चव्वेचाळीस?’ सर म्हणाले. ‘त्या वयात आम्ही पंच झालो हुतो लेका.’

‘पंचांचं सांगू नका. त्याच हांगझोऊत तुमच्या कबड्डीची फायनल नियमाच्या भांडणात तासभर अडकली. आमच्यात कोण बाद, ते सर्व्हर सांगतो. संपला विषय.’

हा घाव वर्मी लागला. भारतानं इराणला हरवून सुवर्ण घेतलं ते खरं, पण त्या तासाभरात सरांचं बीपी किती वाढलं होतं ते आमच्या गल्लीला ठाऊक आहे. तरी कोपरारक्षकच तो. त्यांनी घोटा धरला.

‘तुझं मैदान कुणाचं? कंपनीचं. २०२० ला सरकारनं पबजी बंद केलं. २०२२ ला ही तुझी बीजीएमआय दुकानातनं उचलली, दहा महिने हात चोळत बसला हुतास. आमच्या हुतूतूला एक फक्कीची रेघ लागती. हुतूतू कुणाच्या बापाची न्हाई!’

यावर नातू गप्प झाला. मला विचाराल तर या सगळ्या वादात वजनदार मुद्दा हा एवढाच. बोटांची चपळाई, नजर, डोकं, सगळं त्या पोरांकडं आहे. पण रात्रीत अपडेट येऊन सकाळी बंदुकीची ताकदच बदललेली असेल, तर सराव करायचा तो कशाचा?

सरांचा विजय मात्र टिकला नाही. तालमीतली कॅरमची बोरिक पावडर भराभर संपायला लागली. सरांनी पाळत ठेवली आणि चोर घरातच सापडला. त्याच सकाळी गच्चीवरच्या दोरीवर, धोतराच्या शेजारी, बाहुल्यांना घालाव्यात तसल्या चार काळ्या टोप्या वाळत होत्या.

‘हे काय रे?’

‘फिंगर स्लीव्ह, आबा. अंगठ्याला घाम सुटतो, स्क्रीनवर बोट चिकटतं. म्हणून हे घालायचं, न्हाईतर पावडर लावायची.’

सरांनी एक टोपी दोरीवरून काढली. दोन बोटांत धरून पिळली. एक थेंब पडला. तो साबणाच्या पाण्याचा होता हे मी सांगणार होतो, पण सरांचा चेहरा बघून गप्प बसलो.

त्या रात्री स्क्रिम्सला सर खुर्ची ओढून बसले. एक गडी जखमी होऊन पडला, दुसरा सरपटत जाऊन त्याला उठवायला लागला. ‘गडी उठतोय व्हय ह्यात?’ म्हणत सर पुढं सरकले. मग काय, शिट्टीच वाजली. ‘एकटा कशाला चढाईला गेलास? साखळी धर! साखळी सोडू नको!’ हेडफोनमधून नागपूरचा एक आणि गुवाहाटीचा एक, असे दोन जण विचारायला लागले की हे नवीन कोच कोण.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ते कात्रण सरांनी तालमीत मारुतीच्या फोटोखाली चिकटवलं. सूनबाईंनी मात्र एकच विचारलं, ‘नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत हे धरतात का?’ त्यावर सर आणि नातू, दोघेही एकदम पाणी प्यायला उठले.

कात्रण वाचून तालमीतले पत्तेवाले वर आले. अंगठ्याचा घाम चालतो तर आमचा का नको? त्यांच्यातला एक साठीचा गडी तर पुरावा घेऊनच आला होता. २०१८ ला जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत ब्रिजच्या पुरुष दुहेरीत भारतानं सुवर्ण घेतलं. जिंकणारे प्रणब बर्धन ६० वर्षांचे, त्यांचे जोडीदार शिबनाथ सरकार ५६. पत्तेच की!

सरांनी बराच वेळ शिट्टी चघळली.

‘बरोबर हाय तुमचं,’ ते म्हणाले. ‘उद्या पहाटं पाचला गांधी मैदानावर या. तालमीतली चार पोरं असत्यातच. चार फेऱ्या मारायच्या, मग नाव लिहून घेतो.’

पत्तेवाल्यांनी त्याच संध्याकाळी अर्ज मागं घेतला.