मधला भाग प्रलंबित

आमच्या घरात गोधड्यांची टंचाई नाही. हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, माणूस पांघरुणावाचून कुडकुडतोय म्हणून चिडलाय. माळ्यावर गोधड्या आहेत, कॉटखाली आहेत, पत्र्याच्या पेटीत आहेत. देवघराशेजारच्या कोनाड्यात एक आहे, पण तिला गोधडी म्हणायचं की कापडाचं बोचकं यावर घरात एकमत नाही. प्रश्न संख्येचा नाहीच. प्रश्न असा, की घरात आजमितीस उपलब्ध असलेल्या गोधड्यांपैकी एकही पुरी झालेली नाही.

चहा घ्या, गार होईल. विषय लांबणार आहे.

आमच्या खर्डीकडे गोधडीचं काम निघतं उन्हाळ्यात. राब भाजून झालेला असतो, पावसाला अवकाश असतो, आणि त्या मधल्या फटीत बायकांच्या हाताला चैन पडत नाही. मग ओटीवर एक जुनं लुगडं पसरलं जातं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्याचा तांब्या आणि चौथ्या कोपऱ्यावर, जड काही मिळालं नाही तर, मी. त्यावर चिंध्यांचे थर. मोठे तुकडे आधी, मग बाह्या, मग फाटक्या उशांचे अभ्रे, मग ज्यांना कुणी वाली नाही असे तुकडे. वरून दुसरं लुगडं. कडा आत दुमडायच्या आणि सुई काठापासून चालवायची. धावदोऱ्याची एक ओळ चारी बाजूंनी फिरून आली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. असं चौकोनात चौकोन घालत मध्यावर पोचायचं आणि दोरा तोडायचा.

या पद्धतीत मूलभूत त्रुटी आहे, आणि ती आजवर कुणीही शासनाच्या किंवा समाजाच्या निदर्शनास आणून दिलेली नाही. सगळा उत्साह काठाला खर्च होतो. पहिल्या चार ओळींना शेजारच्या तिघी येतात, गप्पा होतात, कोकम सरबत होतं, कुणाच्या सुनेचं काय चाललंय याचा सविस्तर आढावा होतो. टाके असे सरळ, की सरकारी मोजणीदारानं बघावेत. मग कुणाच्या घरी लग्न निघतं. मग आंब्याचं लोणचं. मग एके दिवशी संध्याकाळी माहुलीकडून ढग येतात, पहिली सर पडते, आणि ओटीवरचा सगळा पसारा सुईसकट गुंडाळून माळ्यावर जातो. मधला परातीएवढा भाग राहतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं काय होतं? पुढच्या उन्हाळ्यात नवीन लुगडं पसरलं जातं.

आता यातली खरी लबाडी सांगतो. काठ शिवलेले आणि मध्य मोकळा, अशी गोधडी घडी घालून ठेवली की पुरी दिसते. शंभर टक्के पुरी. पाहुणे येतात, कौतुक करतात, "वहिनी, काय बारीक टाका हो तुमचा!" वहिनी मान डोलावतात. मी आयुष्यभर सरकारी कारकुनी केली. बाहेरून रंगवलेल्या आणि आत टाकी न बसवलेल्या पाणीपुरवठा योजना मी फायलींत पुष्कळ पाहिल्या. पण त्यांना निदान कामपूर्तीचा दाखला देताना कुणाचा तरी हात थरथरायचा. इथे तेवढंही नाही.

घडी उलगडून खाली झोपायचं कुणी, तर मी. कसारा घाटाकडून थंडी उतरायला लागली की मला एक अर्धवट खाली आणि एक अर्धवट वर असं वाटप होतं. वरची सुसह्य असते. खालची मात्र रात्री दहानंतर हालचाल सुरू करते. मध्यावर टाका नसल्यामुळे आतले सगळे तुकडे हळूहळू तिकडे सरकतात, एकमेकांना भेटतात आणि बरोबर माझ्या कमरेखाली त्यांची सभा भरते. पहाटेपर्यंत माझ्या पाठीच्या दोन्ही बाजूंना निव्वळ दोन लुगडी आणि मध्ये एक टेकाड. एकदा आत हात घालून चाचपलं तर बटणाची एक पट्टी लागली, काज्यांसकट. शिवाय सुई. ती तिथेच टोचून ठेवलेली असते, "कुठवर आलं होतं ते कळायला." हरवलेली सुई शोधण्याची आमच्या घरात एकच मान्यताप्राप्त पद्धत आहे, आणि तिच्यात माझा सहभाग अनिवार्य आहे.

धुण्याचं तर नावच काढू नका. नवरात्र तोंडावर आलं की गावभर अंथरूण-पांघरूण धुऊन वाळत पडतं. आमच्या अर्धवट गोधड्या पाण्यात घालता येत नाहीत, कारण आतला माल एका कोपऱ्यात जाऊन बसेल. त्यांना फक्त ऊन दाखवलं जातं, तेही निघालं तर. इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने माळ्यावर राहून त्यांना जो कुबट वास येतो, त्यावर ऊन हा उपाय नाही. ती फक्त पोचपावती.

आता तुम्ही विचाराल, तुमच्या घरी गोधडी पुरी होतच नाही का? तर होते. इथेच माझी मूळ तक्रार आहे.

आपला शहापूर तालुका बघा. तानसा धरण १८९२ सालचं, मुंबईसाठी बांधलेलं. भातसा तर इथून हाकेच्या अंतरावर. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी तिथून जातं. आणि उन्हाळा लागला की आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा. धरण आपल्या उशाशी आणि पाणी दुसऱ्याच्या नळाला, हे या भागात सगळ्यांना पाठ आहे, त्याबद्दल मोर्चे निघतात, निवेदनं जातात. पण हेच धोरण माझ्या घरात गोधडीच्या बाबतीत वर्षानुवर्षं राबवलं जातंय, त्याबद्दल अवाक्षर नाही. जी गोधडी पुरी होते, ती बाहेर जाते. डोंबिवलीच्या भाचीला दिवस गेले, की दुपटं दोन रात्रींत तयार. ठाण्याच्या विहीणबाईंनी नुसतं म्हटलं, "हल्ली अशी मऊ गोधडी मिळत नाही हो," की आठवड्यात गोधडी हजर, काठाला लाल पट्टी लावून. म्हणजे यंत्रणा सक्षम आहे. मनुष्यबळ आहे, साहित्य आहे, कौशल्य आहे. फक्त स्थानिक रहिवासी हा लाभार्थ्यांच्या व्याख्येत बसत नाही.

पोचवायची कुणी, हे विचारू नका. कसाऱ्याहून येणाऱ्या सकाळच्या लोकलला आसनगावच्या पुढे पाय ठेवायला जागा नसते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? त्या गर्दीत मी पुरी झालेली, धुतलेली, उन्हात खणखणीत वाळवलेली, मध्यापर्यंत टाके घातलेली गोधडी दुसऱ्यासाठी छातीशी धरून उभा असतो. असा प्रसंग शत्रूवर येऊ नये. शत्रूवर आला तरी त्याची गोधडी तरी माझ्याकडे यावी.

कच्च्या मालाचं प्रकरण याहून गंभीर आहे. टेरिकॉट गोधडीला चालत नाही. सुई अडते, घाम धरत नाही, कापड सरकतं. लागतं सुती, आणि तेही मुरलेलं. आता सुती सदरा मुरायला काय लागतं? वर्षं लागतात. पहिली दोन वर्षं तो कॉलरला टोचतो. मग जरा ऐकायला लागतो. आणि ज्या दिवशी तो खरोखर माझा होतो, खांद्यावर आहे की नाही हेही कळेनासं होतं, नेमक्या त्याच दिवशी ही तो दाराशी उजेडात धरते, बोटानं ताणते आणि शेरा मारते, "विरलाय." संपलं. दुपारपर्यंत त्याच्या बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, बटणं डब्यात.

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना नोटिसा आल्या, मोजणी झाली, मोबदल्यावरून भांडणं झाली, आणि भांडायला समोर कुणीतरी अधिकारी तरी होता. माझ्या सदऱ्यांच्या संपादनात नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही, मोबदला नाही. आणि कशासाठी? तो महामार्ग निदान पुरा झाला. नागपूरहून निघून, घाटाच्या पोटातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा पाडून, ७०१ किलोमीटर संपवून ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. मी हिला हे पेपरमधून मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे माणसं किती, आणि स्वैपाक कोण करत होतं?" या प्रश्नाला प्रशासनाकडे उत्तर नव्हतं.

कोनाड्यातल्या गोधडीचं मात्र वेगळं आहे. ती आईची. आईचा टाका तांदळाच्या कणीएवढा, आणि दोन टाक्यांमधलं अंतरही तेवढंच. डोळ्याला चष्मा नव्हता तेव्हाही आणि लागला तेव्हाही. त्या गोधडीत वडिलांचं धोतर आहे, आत्याचा एक परकर आहे, आणि एका कोपऱ्यात, नीट बघितलं तर, माझ्या चौथीतल्या खाकी चड्डीचा मागचा भाग आहे. आईनं ती मध्यावर आणून ठेवली आणि जाहीर केलं, की आता सून येईल ती पुरी करील. सून आली. सुनेनं बघितलं, टाक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सासूबाईंच्या टाक्याशेजारी माझा टाका नको. त्यांचं त्यांनीच करू दे." आई म्हणायची, "मी आता कशाला, घर तुझं." दोघींत कधी आवाज चढला नाही. सदर गोधडी या खात्यातून त्या खात्यात अदबीनं फिरत राहिली. आई गेली. आता त्या मोकळ्या मध्यावर कार्यक्षेत्र कुणाचं, हे ठरवायला कुणी उरलेलं नाही. मी एकदा नुसतं म्हटलं, "मी घालू का दोन टाके?" तर हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी कोनाड्यात नुसती डांबराची गोळी ठेवली आणि परत आलो.

बाहेरून मदत मिळेल म्हणावं, तर तेही फसलं. पुतण्यानं एकदा मोबाइलवर अमेरिकेतलं दाखवलं. अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून नदीच्या वळणात एक खेडं आहे. तिथल्या काळ्या बायकांनी शेतातल्या कामाच्या विटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकाही अशाच काठाकडून मध्याकडे कवंडी शिवत जातात, आणि चार कोपऱ्यांना कापडाची फुलं लावल्याशिवाय तिला पुरी म्हणत नाहीत. मी लगेच हा मुद्दा उचलला. म्हटलं बघ, या सगळ्याजणी शिवून पुरं करतात. कोपऱ्याच्या फुलापर्यंत पुरं करतात!

हिनं शांतपणे पुतण्याला विचारलं, "अर्धवट राहिलेल्या कुणी ठेवल्यात का रे?" आणि त्या कार्ट्यानं शोधून काढलं. इंग्लंडमधल्या संग्रहालयांत म्हणे अर्धवट राहिलेली ठिगळकामंसुद्धा जपून ठेवली आहेत. तिकडे तुकड्यांना आकार यावा म्हणून मागून कागद टाचायचे, काम संपलं की काढायचे. काम संपलंच नाही तिथे कागद राहिले. कुणाची जुनी पत्रं, कुणाच्या वहीची पानं. त्यावरून अभ्यासक काळ ठरवतात. पुरी झालेली गोधडी त्यांना काही सांगत नाही, अर्धवट सगळं सांगते. त्या दिवसापासून माझी बाजू कायमची पडली. माळ्यावरच्या मालाला आता ऐतिहासिक दर्जा आहे.

राहिला विकतचा मार्ग. पौष पौर्णिमेला मुरबाडकडे म्हशाची जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार, आणि घोंगड्याही मिळतात. मी दरवर्षी प्रस्ताव ठेवतो, की एक घोंगडी आणू. टोचते, हे मान्य. पण सबंध असते, या काठापासून त्या काठापर्यंत विणलेली, मध्ये कुणी लोणचं घालायला उठून गेलेलं नसतं. प्रस्ताव दरवर्षी एकाच शेऱ्यानिशी परत येतो. "घरात एवढ्या गोधड्या असताना पैसे घालवायचे? लोक काय म्हणतील?" म्हणजे गोधडी पांघरायला नाही, पण घोंगडी अडवायला पुरेशी आहे.

अगदी अलीकडे हालचाल सुरू झाली, हे मात्र नाकारणार नाही. हिनं जाहीर केलं, की यंदा नवीन काही काढायचं नाही, आधी सगळ्यांचे मध्य भरायचे. सुईत दोरा ओवण्याचं खातं माझ्याकडे आलं. एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसऱ्याला तीन नंबर, आणि दोरा असा जाड की सुईच्या नाकासमोर जाऊन फुलतो. तरी ओवला. पहिली गोधडी उलगडली, हिनं आतला गोळा हातानं पसरला, अंगुस्तान घातलं, दोन ओळी छान झाल्या. तिसऱ्या ओळीला लक्षात आलं, की मध्ये भर कमी पडते. वर्षानुवर्षं सरकून, दबून आतलं कापड पातळ झालंय. सुती पाहिजे. मऊ पाहिजे. घरातलं सगळं तर आधीच वापरून झालंय. तेव्हापासून काम साहित्याअभावी थांबलंय.

तुम्ही आणखी चहा घेणार असाल तर सांगतो, पण खुर्ची जरा त्या बाजूला सरकवा, दाराच्या उजेडात बसू नका. मघाशी कप ठेवताना तिनं तुमच्या कॉलरकडे दोनदा पाहिलं.